पदक आधी उलटं करून पाहा

प्रश्न: आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून मेसोपोटेमियाला गेले होते. चाळीतली खोली रिकामी करताना त्यांच्या ट्रंकेत एक लाल, पाच टोकांचं पदक सापडलं. मधे चांद, त्यात उर्दूसारखी अक्षरं, मागे पिन. रंगाचे पोपडे निघालेत. मेव्हणे म्हणतात, लाखांत जाईल. चोरबाजारातल्या एका दुकानदाराने मात्र "खरं पदक इतकं ओबडधोबड नसतं" म्हणून हातात परत दिलं. आणि मुळात तुर्कांनी आमच्या पणजोबांना पदक का द्यावं? (एक वाचक, लालबाग)

उत्तर: द्यायचं काही कारण नाही आणि दिलेलंही नाही. हे पदक समोरच्या फौजेचं. तुर्कस्तानचा सुलतान पाचवा मेहमद याने मार्च १९१५ मध्ये ते सुरू केलं. तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईवरून इंग्रज त्याला 'गॅलिपोली स्टार' म्हणत, जर्मन 'लोखंडी चंद्रकोर'. ते फक्त गॅलिपोलीपुरतं नव्हतं, तुर्कांच्या सगळ्या आघाड्यांवर दिलं गेलं. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, तुमच्या पणजोबांसारखे शेकडो मराठे त्याच तुर्कांसमोर उभे होते. ११० वी मराठा पलटण तर तिथल्या कूत गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ ला बाकीच्या फौजेबरोबर शरण गेली. पुढच्या दोन वर्षांत पारडं फिरलं, तुर्की सैनिक कैदी झाले, आणि अशी पदकं आपल्या जवानांच्या खिशात आली. कुणी मैदानात उचललं, कुणी विडीकाडीच्या बदल्यात घेतलं. पणजोबांनी यातलं काय केलं हे पदक सांगणार नाही. ट्रंकेत कागद असतील तर ते सांगतील. ते जपा, रद्दीत घालू नका.

आता खरं की खोटं. मी मुंबईच्या टांकसाळीत ३४ वर्षं डाय (नाणी-पदकं दाबायचे पोलादी ठसे) विभागात काढली, त्यामुळे माझी सवय एकच: वस्तू आधी उलटी करायची. समोरची बाजू सगळेच सजवतात. नकली बनवणारा पाठीकडे येईपर्यंत कंटाळलेला असतो.

दुकानदाराचं म्हणणं मला उलटं वाटतं. सैनिकांना वाटलेली तुर्की पदकं साधीच होती: पितळी पत्रा, त्यावर निकेलचा मुलामा, आणि लाल भागात बऱ्याचदा मिना नसून नुसतं रोगण. शंभर वर्षांत रोगणाचे पोपडे निघणारच. देखणी पदकं बनली ती जर्मनीत. तुर्कांच्या बाजूने लढलेल्या जर्मन आणि ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांनी मायदेशी सोनार गाठून चांदीची, खऱ्या मिन्याची चांदणी स्वतःच्या पैशाने करून घेतली. बाजारात लोकांच्या डोळ्यांत तीच बसली आहे, म्हणून तुमचं त्यांना गरीब दिसतं. पोपडे निघालेले बघून मी तरी नाक मुरडणार नाही. मी भिंग काढीन.

भिंगाखाली आधी तुघरा पाहा. चांदाच्या आत जी उर्दूसारखी नक्षी आहे ती सुलतानाची सही: तीन उभे दांडे आणि डावीकडे वळलेले दोन फुगीर फास. डायने दाबलेल्या पदकात या रेघा उभ्या कडेच्या असतात, नखाला लागतात. खऱ्या पदकावरून साचा घेऊन ओतलेल्या नकलेत त्या साबणाच्या वडीवरच्या छापासारख्या गोलसर होतात आणि सपाट जागेत सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. टोकांवरच्या बारीक गोळ्यांच्या मुळाशीही बघा, ओतीव माल तिथे कानशीने साफ केलेला असतो. ओतलेलं पितळ थंड होताना शेकडा दीड-दोन आकसतं, म्हणून नक्कल मूळ पदकापेक्षा जराशी लहान भरते. ही चांदणी साधारण ५६ मिलिमीटर. पण कारागिराप्रमाणे मापं बदलतात, तेव्हा एका मिलिमीटरवरून कुणाला फाशी देऊ नका.

पिनेची बिजागरी बघा. तिच्याभोवतीचा जोडाचा धातू ताजा चकाकत असेल आणि बाकी पाठ काळवंडलेली असेल, तर पिन तरी नंतरची. एवढ्याने पदक खोटं ठरत नाही, पिना मोडतातच. पाठीवर कारखान्याचं नाव आहे म्हणून हुरळू नका, नाव उमटवणं हे नक्कल करणाऱ्याचं सगळ्यात सोपं काम.

तुघऱ्याखाली १३३३ हे साल असायला हवं. अरबी आकडे असले तरी आपल्याला जमतात: त्यांचा एक नुसत्या उभ्या रेघेसारखा, तीन आपल्या तीनाच्या चुलतभावासारखा. हिजरी सालाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा, १९१५ येईल. मात्र हे साल पदक सुरू झाल्याचं, तुमचं पदक घडवल्याचं नव्हे. 'मजिदी' नावाच्या दुसऱ्या तुर्की पदकावर १२६८ असतं, म्हणजे १८५१-५२, आणि ते पुढे कित्येक दशकं तसंच घडत राहिलं. 'उस्मानी' नावाच्या आणखी एका तुर्की पदकाच्या पाठीवर तर ६९९! ते तुर्कांच्या उस्मानी साम्राज्याच्या स्थापनेचं साल. एकाने मला "सातशे वर्षांपूर्वीचं पदक" म्हणून ते दाखवलं होतं. मी चहा मागवला आणि सावकाश समजावलं.

हसलो नाही, कारण मीही फसलोय. १९९६ साली चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर एका दुकानात नऊशे रुपयांना मजिदी घेतलं. सात किरणांचा समूह, मधे सोनेरी तुघरा, भोवती लाल कडं. बाजाराची गर्दी, उजेड कमी, आणि मला घाई. घरी येऊन उलटं केलं तर मधला सोनेरी भाग आणि किरण एकाच ओतात. खऱ्यात मधला भाग वेगळा घडवून बसवतात. आयुष्यभर डाय तपासणारा मी, दुकानात पदक उलटं करायला विसरलो. ते अजून कपाटात आहे, विकवत नाही.

लाखांचं म्हणाल तर, मेव्हण्यांना निराश करतो. ही चांदणी खूप वाटली गेली, दुर्मीळ नाही. आणि परदेशी गिऱ्हाईक सापडलं तरी पोस्टात टाकायची घाई नको. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभरी ओलांडलेली वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि अशी वस्तू केंद्र सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली संस्था सोडून कुणालाच देशाबाहेर पाठवता येत नाही.

प्रश्न: माझ्याकडे चांदीचं पदक आहे. एका बाजूला तोफ आणि झेंडे, खाली 'ला क्रिमिया १८५५', दुसऱ्या बाजूला तुघरा. कडेवर नाव नाही. घेणारे म्हणतात, नाव नाही म्हणून संशयास्पद. (एक वाचिका, विलेपार्ले)

उत्तर: कडेवर नाव नसणंच बरोबर. रशियाविरुद्धच्या क्रायमियाच्या लढाईत साथ दिल्याबद्दल सुलतान अब्दुल मजीदने हे मित्रफौजांना दिलं, तेही कोऱ्या कडेचं. ज्याला हौस होती त्याने नंतर सोनाराकडून नाव कोरून घेतलं. तऱ्हा तीन: इंग्रजांसाठी 'क्रायमिया', फ्रेंचांसाठी 'ला क्रिमे', आणि इटलीतल्या सार्डिनियासाठी 'ला क्रिमिया'. म्हणजे तुमचं सार्डिनियाचं. पण इंग्रजांची पदकं नेणारं जहाज बुडाल्याने कित्येक इंग्रज शिपायांना हीच इटालियन तऱ्हा मिळाली, तेव्हा मूळ मालक इंग्रजही असू शकतो. तुघऱ्याच्या बाजूला १२७१ आहे का बघा. वरची कडी बदललेली असेल तर घाबरू नका, मूळची कडी फारच किरकोळ होती, बहुतेकांनी बदलली.

प्रश्न: पदक चिंच-मीठ लावून घासलं तर चालेल? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: नाही. राखुंडी नाही, पितांबरी नाही, लिंबूही नाही. ती तांब्यासाठी ठेवा. मऊ सुती कापडाने धूळ टिपा, बस्स.

फोटो पाठवणाऱ्या सगळ्यांना: पाठीचा फोटो आधी, खिडकीच्या उजेडात, आणि शेजारी फूटपट्टी. मापासाठी रुपयाचं नाणं ठेवू नका. त्याचा आकार आम्ही टांकसाळवाल्यांनीच इतक्या वेळा बदललाय की माझाच गोंधळ होतो.