मतदानातलं ‘दान’ आणि मतदारातलं ‘दार’

प्रश्न असा आलाय की मतदान या शब्दात ‘दान’ कशाला, मत म्हणजे काय भिक्षा आहे का. आणि त्याचाच पोटप्रश्न, हिंदीत मतदाता म्हणतात मग आपल्याकडे मतदार कसा.

पहिलं सोपं आहे. पुण्य मिळवायला देतात ते दान, हा अर्थ आपल्या डोक्यात पक्का बसलाय, पण संस्कृतात दा म्हणजे देणे आणि दान म्हणजे नुसती देण्याची क्रिया. आदानप्रदानात कोण कोणावर उपकार करतं? तेव्हा मतदान म्हणजे मत देणं, बस्स.

मला जास्त आवडतो तो मतदार. यातला ‘दार’ फारसी आहे, बाळगणारा, ज्याच्याकडे आहे तो. जमीनदार, वतनदार, भागीदार यांच्याच रांगेतला. म्हणजे हिंदीतला मतदाता मत देतो आणि आपला मतदार मताचा मालक असतो, मग तो त्या दिवशी बूथवर जावो न जावो.

आणि गंमत बघा, इंग्रजांच्या काळात मत खरंच बहुतेक ‘दार’ लोकांनाच होतं. शेतसारा किंवा टॅक्स ठराविक रकमेच्या वर भरत असाल, थोडंफार शिकलेले असाल तर यादीत नाव. मुंबई इलाख्यात बायकांना १९२१ मध्ये मत मिळालं, पण अटी त्याच. बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढे सरसकट सगळ्या प्रौढांना मताधिकार मागितला होता. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकांना मतदार होते साधारण ३ कोटी, आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीला १७ कोटींच्या वर, कारण घटनेच्या ३२६ व्या कलमाने जमीन, शिक्षण सगळं बाजूला काढून फक्त २१ वर्षं वय धरलं (१८ झालं ते १९८९ मध्ये). ज्याच्याकडे गुंठाभर जमीन नाही तोही मतदार.

त्या पहिल्या यादीतून साधारण २८ लाख बायकांची नावं मात्र गळली, कारण त्यांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही, अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच. हे वाचलं की मला अजून वाईट वाटतं.

‘मत टाकणे’ पण तिथलंच वाटतं मला. तेव्हा शिक्का मारायची भानगड नव्हती, प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी, आपल्या माणसाच्या पेटीत कोरी मतपत्रिका टाकायची. आमच्या आजीने मशीनचं बटण दाबूनही शेवटपर्यंत ‘मत टाकून आले’ असंच म्हटलं, ते चूक नाही.

राहिलं ‘मतदानाचा हक्क बजावला’. एरवी आपण हक्क सांगतो, हक्क गाजवतो. बजावतो ते कर्तव्य. मतदानापाशीच तेवढा हक्क बजावला जातो, आणि पेपरवाल्यांनी रुळवलेला हा प्रयोग मला अगदी योग्य वाटतो, तो बदलू नये.