ल्युब्लजाना नव्हे, ल्युब्ल्याना

प्रश्न असा आहे: स्लोवेनियाच्या राजधानीचे नाव ल्युब्लजाना लिहायचे की ल्युब्लियाना? आणि तिथल्या भाषेत संस्कृतसारखे द्विवचन आहे, हे खरे का?

ल्युब्ल्याना लिहावे. 'ज' शिरतो तो रोमन 'जे' पाहून. स्लोवेनियन भाषेत ते अक्षर 'य'साठी आहे. 'ल्युब्लियाना'त एक अक्षर फुकट वाढते. ल्यु-ब्ल्या-ना, तीनच अक्षरे, जोर 'ब्ल्या'वर. 'कल्याण' म्हणणाऱ्याला यात अवघड काहीच नाही.

त्या भाषेत रोमन 'सी'चा उच्चार आपल्या चमच्यातल्या 'च'सारखा. त्यावर 'स्त्रेशित्सा', म्हणजे छोटे छप्पर, ही खूण आली की तो 'चार'मधला 'च' होतो. मराठीत दोन्ही 'च' आयते आहेत. तरी शहरातल्या नदीचे नाव 'ल्युब्ल्यानिचा' लिहू नये, कारण वाचणारा तो षष्ठीचा 'चा' समजेल. तिथे 'ल्युब्ल्यानित्सा'च बरे. याच नदीवर वास्तुकार योझे प्लेच्निक यांनी जुन्या दगडी पुलाला दोन बाजूंनी पादचाऱ्यांचे दोन पूल जोडले. ते 'त्रोमोस्तोव्ये', म्हणजे तीन पूल. प्लेच्निकमधला 'च' मात्र 'चार'चा.

द्विवचन खरेच आहे, आणि रोजच्या बोलण्यात आहे. कॉफी मागताना एक हवी तर 'एनो कावो', दोन हव्या तर 'द्वे कावी', तीन किंवा चार असतील तर 'त्री कावे', 'श्तिरी कावे'. पाचपासून पुढे षष्ठीचे बहुवचन लागते: 'पेत काउ'. (शब्दाच्या शेवटचा 'व' तिथे 'उ'कडे झुकतो.) शाळेत 'द्वे लते', 'द्वे फले' पाठ केलेल्यांना हे 'द्वे' ओळखीचे वाटेल, तिथेही ते स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंगी नामांपुढेच येते, पुल्लिंगी नामापुढे 'द्वा'.

गावाचे नावही पुण्यासारखे रूप बदलते. पाटीवर शेवटी 'नी' दिसले तर 'ल्युब्ल्यानात', 'नो' दिसले तर 'ल्युब्ल्यानाला'. ते वेगळे गाव नव्हे.

स्लोवाकिया हा मात्र वेगळा देश. घोटाळा होतो, कारण तिथले लोक स्वतःच्या देशाला 'स्लोवेन्स्को' म्हणतात. शिवाय 'स्लोवेन्का' म्हणजे स्लोवेनियात स्लोवेनियन बाई आणि स्लोवाकियात स्लोवाक बाई.