पोळी फुटते ती कणकेमुळं

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

यंदा होळीला आजीच्या पद्धतीची तेलपोळी स्वतः करायची म्हणतोयस, बरं वाटलं. पण तुझे सगळे प्रश्न पुरणाचेच. गूळ किती, वेलदोडे किती, जायफळ घालू की सुंठ? अरे, पुरण कुणालाही जमतं. पोळी फुटते ती कणकेमुळं.

तरी पुरणाचं थोडक्यात सांगते. वाटीभर हरभऱ्याच्या डाळीला वाटीभर चिरलेला गूळ. डाळ बोटात चिरडली पाहिजे, पण पाण्यात विरघळता कामा नये. येळवणी, म्हणजे डाळ शिजवलेलं पाणी, निथळून बाजूला ठेव. ती ओतून दिलीस असं कळलं तर शहापूरहून उठून येईन. गूळ घातल्यावर उलथनं मधोमध उभं राहीपर्यंत आटव आणि गरम असतानाच पुरणयंत्रातून काढ. गार झाल्यावर हात मोडून येतात. आणि रविवार पेठेत पिवळाधमक गूळ बघून भुलू नकोस. तसला गूळ बऱ्याचदा हायड्रोस नावाचं रसायन टाकून उजळलेला असतो. काळसर माग.

आता कणीक. दोन वाट्या गव्हाचं पीठ, वाटीभर मैदा, मीठ, चिमूटभर हळद. पीठ बारीक चाळणीनं चाळ, कारण कोंड्याचा कण राहिला की पुरणावरची कणकेची पारी नेमकी तिथंच फाटते. चपातीच्या कणकेपेक्षा चांगली सैल भिजव, परातीत पसरेल इतकी. मग तेलाची वाटी जवळ घेऊन बस. तेल लावायचं, ओढायचं, दुमडायचं, परातीत आपटायचं, परत तेल. सुरुवातीला बोटांना अशी चिकटते की वैताग येतो, आणि अजून थोडं पीठ घालावंसं वाटतं. तिथंच बहुतेकांची पोळी बिघडते. पीठ घालू नकोस, तिंबत राहा. हळूहळू चिकटणं थांबतं, ओढली तर न तुटता लांब येते, आणि हाताला कानाच्या पाळीसारखी मऊ लागते. मग वरून तेल सोडून दोन तास झाकून ठेव.

हे दोन तास वाचवायला जाऊ नकोस. तिंबताना ग्लुटेनचे धागे जुळतात, पण ताठलेले असतात; लगेच लाटलीस तर पोळी आखडते आणि जोर लावलास की फुटते. विसावा मिळाला की धागे सैलावतात, मग पारी पुरणाबरोबर निमूट पसरते.

आजी म्हणेल, आमच्या वेळी खपली गव्हाची पोळी असायची. चव खरंच वेगळी, वादच नाही. पण खपलीच्या कणकेला ताण कमी, तिला मुरलेला हात लागतो. पहिल्या वर्षी तो नाद नको.

आणि तिला प्रमाण विचारू नकोस, ‘अंदाजानं’ म्हणेल आणि दोघंही चिडाल. परात उचलून तिच्या खुर्चीपाशी ने, कणकेत बोट घालायला लाव. ‘अजून’ म्हणाली की अजून तिंबायची.

कणकेच्या उंड्याच्या दुप्पट पुरण घे, आणि दोन्ही सारखेच मऊ असू देत. पुरण जास्त घट्ट असेल तर पारी फाडून बाहेर येतं, सैल असेल तर एका कडेला पळतं. केळीच्या पानाला तेल लावून त्यावर पोळी हातानं थाप, कडेकडेनं, मधे दाबू नकोस. पानासकट तव्यावर पालथी घाल आणि पान अलगद सोडव. आच मध्यम ठेव. खालची बाजू सुटल्याशिवाय उलथनं घालायचं नाही.

गुळवणी करणार असशील तर उकळत्या दुधात गूळ टाकू नकोस, दूध फाटतं.

होळीला नाहीच जमली, तर ज्येष्ठी पौर्णिमेला बैलांचा सण, कर्नाटकी बेंदूर आहे, आणि तोही हुकला तर आषाढात महाराष्ट्रीय बेंदूर. सीमाभागात राहायचा आपल्याला एवढा तरी फायदा!

तुझी,
काकू