डोळ्यांची आग होत नाही, मग ‘दाह’ कसला?

घोडबंदर रोडच्या एका वाचकाने विचारलंय : वडिलांना ‘ड्राय’ प्रकारचं मॅक्युलर डिजनरेशन, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाची झीज आहे. मराठी माहितीपत्रकात इन्फ्लमेशन या शब्दासाठी ‘दृष्टिपटलाचा दाह’ असं छापलंय. वडील म्हणतात, माझ्या डोळ्यांची कधी आग झाली नाही. मग तिथे ‘सूज’ म्हणावं का?

शंका रास्त आहे. बोलण्यात दाह म्हणजे अंगाला जाणवणारी आग, पित्ताने छातीत होते तशी. पण दृष्टिपटलाला, म्हणजे डोळ्याच्या पडद्याला, वेदना कळवणारे तंतूच नसतात. आत काहीही चालो, ते टोचत नाही की जळत नाही. दाराची सरळ चौकट मध्येच वाकलेली दिसते, ठाणे स्टेशनच्या इंडिकेटरवरचं नेमकं मधलं अक्षर पुसट होतं, तेव्हा कुठे कळतं.

तरी ‘सूज’ नको. आमच्या नौपाड्यातल्या शेजारच्या काकूंच्या पडद्यात पाणी साचलं होतं. त्याला सगळे सूजच म्हणत, आणि ती इंजेक्शनांनी उतरली. तुमच्या वडिलांना ‘सूज’ सांगितलीत, तर ते विचारणारच, मग मला ते इंजेक्शन का नाही? त्यांच्या आजारात ते पाणीच नाही. विश्वकोशातला ‘शोथ’ घ्यावा, तर तोही ‘श्वि’ म्हणजे फुगणे या धातूवरून आलेला, म्हणजे पुन्हा सूजच.

‘दाह’ मात्र ‘दह्’वरून आला, आणि इन्फ्लमेशनच्या लॅटिन मुळाशीही आग लावणंच आहे. वडिलांच्या पडद्याखाली साठणाऱ्या पिवळट ठिपक्यांत, ड्रुसेनमध्ये, शरीराच्या संरक्षणाची ‘कॉम्प्लिमेंट’ प्रथिनं सापडतात. त्यांना आवर घालणाऱ्या एका जनुकातला फरक या आजाराचा धोका वाढवतो, हे २००५ साली दिसून आलं. वैऱ्यासाठी पेटवलेली आग घरातच धुमसत राहावी, तसं हे आहे.

याच शब्दाची आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. रेटिनायटिस पिगमेंटोझा, म्हणजे पडद्याच्या पेशी मरत जाऊन नजर हळूहळू जाते तो आजार. हे नाव डच नेत्रवैद्य डॉन्डर्स यांनी १८५०च्या दशकात रूढ केलं. त्यातलं ‘आयटिस’ म्हणजे दाह. पुढे आजार आनुवंशिक ठरला आणि नाव चुकलं असं म्हणू लागले. मूळ कारण जनुकातच आहे, हे आजही खरं. पण मायक्रोग्लिया, म्हणजे पडद्यातल्या राखणदार पेशी, या आजारात मरणाऱ्या पेशी उचलता उचलता जिवंत पेशीही गिळतात, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं. चुकलेल्या नावात दाह होताच, फक्त कारण म्हणून नव्हे, परिणाम म्हणून.

माझं मत : शब्द ‘दाह’च ठेवावा, पण एकटा सोडू नये. ‘जीर्णज्वर’, म्हणजे फार दिवस रेंगाळणारा ताप, हा शब्द आपल्याकडे आहेच, तसा ‘जीर्ण दाह’ लिहावा. वडिलांना सांगताना तेही नको. ‘बाबा, पडद्यात आतल्या आत धुमसतंय, म्हणून तुम्हाला आग जाणवत नाही,’ एवढं पुरे.