तुमचे प्रश्न, आमची उत्तरं: ऑफलीत बघण्यासारखं आहे तरी काय?

प्रश्न: मुलगा डब्लिनला असतो, आम्ही दोघं जूनमध्ये त्याच्याकडे चाललोय. मागच्या वेळी समुद्राचे कडे वगैरे सगळं झालं, आता आयर्लंडचं खेडं बघायचंय. ऑफली काउंटीचं नाव काढलं तर मुलगा म्हणतो तिथे नुसती दलदल आहे, कशाला जाताय. गाडी लागेल का?

उत्तर: काकू, मुलगा खोटं नाही बोलत, पण दलदलच तर बघायचीय! क्लॅरा गावाजवळच्या बॉगवर लाकडी फळ्यांची पायवाट केलीय, जूनमध्ये आजूबाजूला कापसासारखी पांढरी बोंडं डुलत असतात, आणि वाटेच्या कडेला जरा वाकून बघा, इवलीशी लालसर पानं दिसतील, केसांच्या टोकावर चिकट थेंब, त्यात चिलट अडकलं की संपलं. त्याला ड्रोसेरा म्हणतात, शाळेच्या पुस्तकात कीटकभक्षी वनस्पती म्हणून चित्र असायचं ना, तेच. हा बॉग म्हणजे हजारो वर्षं शेवाळ कुजत, साचत तयार झालेला थर. तोच कापून, वाळवून लोक चुलीत जाळायचे, त्यावर वीजसुद्धा काढायचे. बोर्ड ना मोना या सरकारी कंपनीनं 2021 मध्ये हे खणणं थांबवल्याचं जाहीर केलं.

मग क्लॉनमॅकनॉइज. शॅनन नदीच्या काठावर संत किरननं सहाव्या शतकात वसवलेला मठ, आता पडक्या भिंती, उंच क्रॉस आणि गोल मनोरे उरलेत. बाहेर उभे आहेत ते क्रॉस नकला, खरे आत म्युझियममध्ये ठेवलेत, त्यामुळे आत न जाता परत फिरू नका. आणि कॅथेड्रलच्या उत्तर दारापाशी एक गंमत कराच. काकांना कमानीच्या एका बाजूला दगडाला कान लावून उभं करा आणि तुम्ही दुसऱ्या बाजूनं भिंतीकडे तोंड करून अगदी हळू बोला, दगडातल्या खोबणीतून आवाज वर जाऊन पलीकडे उतरतो. महारोग्यांचं पापनिवेदन लांबूनच ऐकता यावं म्हणून दार असं केलं अशी गोष्ट सांगतात, खरं खोटं किरन जाणे.

गाडी घ्याच. क्लॅरा आणि टलामोरला ट्रेन जाते, पण क्लॉनमॅकनॉइजला बसच्या भरवशावर राहिलात तर दिवस फुकट. आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, फक्त खेड्यातले रस्ते फार अरुंद, आणि 2025 पासून तिथली साधारण वेगमर्यादा 80 वरून 60 केलीय.

प्रश्न: दहा वर्षांची मुलगी सोबत आहे, तिला चर्च-बिर्च नको, सायकल पाहिजे.

उत्तर: मग लॉख बूरा. बॉग खणून झाल्यावर उरलेल्या जागेत तळी, झाडं आणि सायकलचे सपाट रस्ते केलेत, सायकली तिथेच भाड्यानं मिळतात आणि मध्येच जुन्या बॉग-रेल्वेच्या डब्यांचं शिल्पही दिसतं. स्लीव्ह ब्लूम डोंगरात माउंटन बाइकच्या वाटा आहेत, पण पहिल्याच दिवशी तिथे नेऊ नका, मुलगी रुसेल. त्यापेक्षा बिर कॅसलची दुर्बीण दाखवा. तिसऱ्या अर्ल ऑफ रॉसनं 1845 मध्ये स्वतःच्या बागेत उभी केलेली, आरसा 1.8 मीटर रुंद, काचेचा नव्हे, तांबं-कथिलाचा. 1917 पर्यंत जगात याहून मोठी नव्हती! दोन भिंतींच्या मध्ये लटकवलेली असल्यानं बाजूला फारशी वळायची नाही, तारा समोर येईल तेव्हाच बघायचा, तरी एका दीर्घिकेचा सर्पिल आकार पहिल्यांदा दिसला तो हिच्यातूनच.

प्रश्न: शेंगेन व्हिसा आहे, चालेल ना?

उत्तर: नाही चालणार, आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीच, वेगळा व्हिसा काढा. आणि जून असला तरी रेनकोट बॅगेत तळाशी नका टाकू, वरच ठेवा.