वडिलांना झोप लागत नाही. समुपदेशकाकडे चला म्हटलं की 'मी काय वेडा आहे?' म्हणतात. कसं समजवावं?

'मानसिक' हा शब्द सध्या बाजूला ठेवा, 'झोपेसाठी एकदा बोलून येऊ' एवढंच म्हणा. अडतं ते बहुतेकदा 'लोक काय म्हणतील' आणि 'गोळ्या मागे लागतील' यावर. गोळ्या मानसोपचारतज्ज्ञ देतात, समुपदेशक नाही. जुन्या निद्रानाशावर तर सीबीटी-आय ही सवयी बदलायची पद्धतच पहिला उपाय मानली जाते: झोप आल्याशिवाय आडवं व्हायचं नाही, उठायची वेळ रोज एकच, आणि रात्री दोनला पंख्याकडे बघत पडण्यापेक्षा सरळ उठून बसायचं. दवाखान्याची पायरी चढायची नसेल तर टेली-मानसला १४४१६ वर फोन लावून द्या. सरकारी सेवा आहे, फुकट, मराठीतूनही बोलता येतं. मात्र 'आता जगून काय करायचं' अशी भाषा असेल तर समजूत घालत बसू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या.