टिंपनी, नगारा आणि गाईचं पोट

प्रश्न असा आहे : लुई जॉर्डन या अमेरिकन जॅझ कलावंताच्या एका चाहत्याने आठवणी लिहिताना जॉर्डनच्या 'टिंपनी फाइव्ह' या बँडचं (टिंपनी म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंदातलं नगाऱ्यासारखं वाद्य) 'पाच नगारे' केलं आहे, ते चालेल का? आणि जॉर्डनला 'बँडमास्तर' म्हणावं का?

पाच नगारे? पाच हा आकडा माणसांचा. ती पुढे सात-आठ झाली तरी नावातले पाच तसेच राहिले. १९३८-३९ साली न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये हा बँड उभा राहिला. त्याचा ड्रमर वॉल्टर मार्टिन अधूनमधून टिंपनी वाजवायचा, म्हणून हे नाव. शिवाय नगारा कुणी सुरात लावत नाही, टिंपनी लावावी लागते. २९ आणि २६ इंची जोडी घेतली, तर साधारणपणे मोठी खालच्या पंचमावर आणि लहान षड्जावर. काठी काठापासून चारेक इंच आत पडायला हवी. मधोमध मारली तर सूर जातो, नुसता धप्प आवाज उरतो. हवा दमट झाली की वासराचं कातडं सैल पडून सूर उतरतो. हलगीवाला ज्यासाठी शेकोटी शोधतो तेच दुखणं.

वाद्य मात्र नगाऱ्याच्याच कुळातलं. अरबी नक्काऱ्यावरून ते युरोपात गेलं. पण नाव? नाव आपल्या डफाचं! ते आलं ग्रीक 'तुंपानोन'वरून, आणि 'तुंपानोन' म्हणजे कड्यावर चामडं ताणलेलं, हातात धरून वाजवायचं वाद्य, म्हणजे डफच की. कोशकार त्याला ग्रीक 'तुप्तेइन' म्हणजे 'मारणे' या धातूला बांधून मोकळे होतात. मग टिंपनी आणि छापखान्यातला 'टाइप' सख्खी भावंडं ठरतात. ठरोत बापडी. मला मात्र शेजारचा हिब्रू 'तोफ' दिसतो (आपली तोफ नव्हे, ती तुर्की). त्याचं अनेकवचन 'तुप्पीम', अरबीत 'दुफ्फ', फारसीत 'दफ', आणि शाहिराच्या हातात डफ. वाद्य पूर्वेकडून आलं आणि नाव तेवढं घरात घडलं, हे पटत नाही. मधला 'म' कुठून आला म्हणणाऱ्यांनी जुन्या ग्रीक काव्यातलं बिनमकाराचं 'तुपानोन' पाहावं.

आता खरी गंमत. वाद्याचं इंग्रजी स्पेलिंग 'आय'ने संपतं, जॉर्डनच्या बँडचं 'वाय'ने. आणि 'वाय'वाली टिंपनी म्हणजे पोटफुगी! आपल्याकडे गोठ्यात हा शब्द रोजचा आहे. ओला लसूणघास जास्त खाल्ला की गाईची डावी कूस फुगते, बोटाने ठोकली तर डबडब वाजते. पशुवैद्य म्हणतात, टिंपनी झाली. तेव्हा शब्दशः भाषांतराचा हट्टच असेल, तर 'पाच पोटफुग्ये' लिहा. नाहीतर 'टिंपनी फाइव्ह' जसंच्या तसं ठेवा. आणि कृपा करून 'टिंपनीज' म्हणू नका, इटालियनमध्ये ते आधीच अनेकवचन आहे.

बँडमास्तर नको, वरात डोळ्यांपुढे येते. जॉर्डन आल्टो सॅक्सोफोन वाजवायचा आणि गायचाही स्वतःच. बँडप्रमुख म्हणा.